संग्रहातील क्रीडावस्तू दूरचित्रवाणीवर दाखवताना: गोव्यातील संग्राहकांसाठी मार्गदर्शन

आपल्या संग्रहातील एखादी जर्सी, चेंडू, पदक किंवा तिकिटाचा तुकडा दूरचित्रवाणीवर दाखवायचा आहे असा फोन आला की, संग्राहकाचा पहिला उत्साह वस्तू पुसून-झाडून चकचकीत करण्यात खर्च होतो. तो उत्साह आधी वहीकडे वळवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पडद्यावर वस्तू फार तर दोन-तीन मिनिटे दिसते. त्या वेळी आपण तिच्याविषयी जे बोलतो ते मात्र तिला कायमचे चिकटते, कारण पुढे कोणी त्या वस्तूचा माग काढू लागला की आपल्याच तोंडचे वाक्य त्याच्यासमोर पुरावा म्हणून येते. म्हणून जेवढे सिद्ध करता येते तेवढेच ठामपणे बोलावे, आणि वस्तू ज्या स्थितीत घराबाहेर पडली त्याच स्थितीत घरी परतावी, या दोन गोष्टींसाठी पुढची सगळी तयारी आहे.

मी फोंड्यात राहतो आणि गेली वीसहून अधिक वर्षे गोव्यातील खेळांशी संबंधित कागद, तिकिटे, जर्सी आणि छायाचित्रे जमवतो. माझ्या संग्रहातील वस्तू तीन वेळा दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. पहिल्या वेळी मी एक वस्तू गमावली नाही, पण तिचा एक भाग गमावला. त्याविषयी पुढे लिहिणार आहे. उदाहरणासाठी मात्र तिसऱ्या वेळची वस्तू घेतो: २५ ऑक्टोबर १९८९ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर झालेल्या ऑस्ट्रेलिया-श्रीलंका क्रिकेट सामन्याच्या तिकिटाचा अर्धा तुकडा. नेहरूंच्या जन्मशताब्दीनिमित्त भरवलेल्या नेहरू चषक स्पर्धेतला हा सामना, आणि फातोर्ड्यावरचा पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना. हा तुकडा माझ्या मामाने एका चतुर्थीला, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून झाल्यावर, खिशातल्या पाकिटातून काढून माझ्या हातावर ठेवला. त्याच्या मागे निळ्या बॉलपेनने केलेली एक स्वाक्षरी आहे. ती ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे कर्णधार ॲलन बॉर्डर यांची, असे मामाने सांगितले.

वस्तूची वही

प्रत्येक वस्तूसाठी वहीत एक पान ठेवावे आणि त्या पानाचे तीन भाग करावेत: प्रत्यक्ष दिसते ते, लेखी सापडले ते, आणि ऐकीव. तिकिटाच्या बाबतीत पहिल्या भागात कागदाची लांबी-रुंदी, छपाईचा रंग, आसनाचा क्रमांक, घडीची खूण, फाटलेला कोपरा आणि मागच्या शाईचा रंग एवढेच आले. दुसऱ्या भागात सामन्याची तारीख, स्पर्धा आणि दोन्ही संघ आले. बॉर्डर यांचे नाव तिसऱ्या भागातच राहिले, आणि मामावर माझा कितीही विश्वास असला तरी ते तिथेच राहायला हवे होते. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचे सांगणे खोटे असते म्हणून नव्हे, तर तीस-पस्तीस वर्षांत आठवणींची सरमिसळ होते म्हणून ही काळजी घ्यायची. एका सामन्याला पाहिलेला खेळाडू दुसऱ्या सामन्याच्या आठवणीत सहज जाऊन बसतो.

लेखी पुराव्यासाठी आपल्याकडे एक मोठी सोय आहे, तिचा संग्राहक पुरेसा उपयोग करत नाहीत याचे मला फार वाईट वाटते. पणजीत पाटो येथे असलेले कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ साली स्थापन झाले. देशातील सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्याची गणना होते, आणि जुनी वृत्तपत्रे पाहण्यासाठी गोव्यात सुरुवात तिथूनच करावी. सामना २५ तारखेचा असेल तर २६ तारखेचा अंक मागावा, आणि त्याबरोबर आदल्या आठवड्याचे अंकही मागावेत, कारण तिकीटविक्री, प्रवेशद्वारे, वाहतूक आणि खेळाडूंचा मुक्काम यांविषयीची माहिती सामन्याआधी छापून येते. मराठीत 'गोमन्तक' १९६२ पासून निघत असल्यामुळे मुक्तीनंतरच्या बहुतेक काळातल्या स्थानिक खेळांच्या नोंदी मराठीतच वाचायला मिळतात. जे सापडेल त्याची नोंद करताना वृत्तपत्राचे नाव, तारीख आणि पान क्रमांक लिहावा. नुसते कात्रण, ज्यावर तारीख नाही, ते अर्धा पुरावा असते.

त्यानंतर वस्तूलाच प्रश्न विचारावेत. छापील मजकुरात काळाच्या पुढचे किंवा मागचे काही आहे का, हे पाहणे ही बिनखर्चाची आणि सर्वांत भरवशाची तपासणी आहे. गोवा ३० मे १९८७ रोजी घटकराज्य झाला; त्याआधी तो दमण आणि दीवसह केंद्रशासित प्रदेश होता, तेव्हा १९८४ च्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या प्रशस्तिपत्रावर 'गोवा राज्य' असे छापलेले असेल तर तिथेच थांबावे. मद्रासचे चेन्नई १९९६ मध्ये झाले आणि कलकत्त्याचे कोलकाता २००१ मध्ये, म्हणून ऐंशीच्या दशकातल्या इंग्रजी पदकावर ही नवी नावे दिसता कामा नयेत. पत्त्यात पिनकोड असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचा नाही. फातोर्ड्याचे स्टेडियमच १९८९ मध्ये सुरू झाले, त्यामुळे त्याआधीचे तिथले तिकीट असू शकत नाही. क्रिकेटमध्ये कसोटीच्या पांढऱ्या शर्टावर पाठीमागे खेळाडूचे नाव आणि क्रमांक २०१९ पासून येऊ लागले. नव्वदच्या दशकातल्या कसोटीत वापरलेला शर्ट म्हणून असा नाव-क्रमांकाचा शर्ट कोणी विकायला आणला, तर त्याला नम्रपणे परत पाठवावे.

हंगाम आणि वर्ष यांतला घोळही इथेच सोडवून घ्यावा. गोव्याने फुटबॉलचा संतोष करंडक पहिल्यांदा १९८३ मध्ये बंगालसह संयुक्तपणे जिंकला आणि १९८४ मध्ये एकट्याने जिंकला. पण हे हंगाम १९८२-८३ आणि १९८३-८४ असे लिहिले जातात, आणि एकाच पदकाविषयी घरातले तिघे तीन वर्षे सांगतात. निवेदकाने पडद्यावर चुकीचे वर्ष टाकले की त्या काळात खेळलेले आणि आज साठी-सत्तरीत असलेले खेळाडू ते पाहत असतात, आणि त्यांना ते लागते. ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्यासारख्या गोलरक्षकाच्या काळाविषयी बोलताना आपण निष्काळजी असू नये, एवढे तरी त्या पिढीचे आपण देणे लागतो.

ज्या काळातल्या वस्तू पोर्तुगीज भाषेत आहेत, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ पूर्वीच्या क्लबांच्या पावत्या, सभासदपत्रे, कार्यक्रमपत्रिका, त्या पोर्तुगीज चांगली जाणणाऱ्या माणसाकडून शब्दशः वाचून घ्याव्यात. ओळखीच्या एका शब्दावरून अर्थ लावू नये.

जर्सी खरोखर त्या सामन्यात घातलेली होती का, हे ठरवण्याची जगभर मान्य झालेली रीत म्हणजे छायाचित्राशी जुळवणी. शिवणीचा कोन, क्रमांकाचा कडेला सुटलेला दोरा, बिल्ल्याचा किंचित तिरकेपणा, पट्टे कुठे तुटतात ती जागा, या बारकाव्यांची सामन्याच्या छायाचित्रांशी तुलना केली जाते. २२ जून १९८६ रोजी मेक्सिकोत इंग्लंडविरुद्ध दिएगो माराडोना यांनी घातलेला शर्ट सामन्यानंतर इंग्लंडचे स्टीव्ह हॉज यांच्याकडे आला होता. मे २०२२ मध्ये सदबीजच्या लिलावात तो सुमारे ७१ लाख पौंडांना गेला, पण त्याआधी माराडोना यांच्या कुटुंबीयांनी हा शर्ट पहिल्या सत्रातला आहे, गोल झालेल्या दुसऱ्या सत्रातला नव्हे, असा आक्षेप घेतला होता, आणि लिलावगृहाने छायाचित्रांच्या जुळवणीचा आधार देऊन त्याला उत्तर दिले. एवढ्या प्रसिद्ध शर्टालाही पुरावा द्यावा लागला. आपल्याकडे जर्सीवर पावसाळ्यातल्या मैदानाची तांबडी माती बसलेली असते, आणि तो डाग कित्येकदा सर्वांत बोलका साक्षीदार असतो. म्हणूनच कार्यक्रमात बरी दिसावी यासाठी जर्सी धुऊ नये आणि तिला इस्त्रीही करू नये.

स्वाक्षरीच्या बाबतीत त्याच माणसाच्या त्याच काळातल्या, तारीख माहीत असलेल्या स्वाक्षऱ्या शोधाव्यात. दहा वर्षांत स्वाक्षरी बदलते, घाईत केलेली वेगळी दिसते, आणि संघाच्या छापील पत्रकावरच्या स्वाक्षऱ्या अनेकदा शिक्क्याच्या किंवा छपाईच्या असतात. भिंगातून पाहिले तर बॉलपेनची रेघ कागदात किंचित रुतलेली दिसते आणि दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे दाब जाणवतो. छापील स्वाक्षरी कागदावर सपाट पसरलेली असते, आणि तिच्यात ठिपके दिसतात. माझ्या तिकिटावरची रेघ रुतलेली आहे. त्यावरून ती हाताने केलेली आहे हे ठरले, कोणाच्या हाताने हे नाही.

वाहिनीशी बोलणे

पणजीचे दूरदर्शन केंद्र असो वा स्थानिक खासगी वाहिनी असो, क्रीडाविषयक बातमीला निमित्त लागते. २९ ऑगस्टचा राष्ट्रीय क्रीडा दिन, ३० मेचा घटकराज्य दिन, १९ डिसेंबरचा मुक्तिदिन, मडगावात जन्मलेले कसोटीपटू दिलीप सरदेसाई यांची ८ ऑगस्टची जयंती, किंवा वस्तूशी निगडित सामन्याचाच दिवस, असे एखादे निमित्त निवडून तीन-चार आठवडे आधी कार्यक्रमाच्या निर्मात्याला किंवा क्रीडा प्रतिनिधीला लिहावे. पत्र पाच-सहा ओळींचे पुरे: वस्तू काय आहे, गोव्याच्या कोणत्या घटनेशी तिचा संबंध आहे, ती आपल्याकडे कशी आली, त्याचा पुरावा काय, आणि सोबत दिवसाच्या उजेडात सपाट ठेवून काढलेले एक स्वच्छ छायाचित्र. संग्रहात एकूण किती वस्तू आहेत याची यादी जोडू नये. वाहिनीला त्यात रस नसतो, आणि ज्याला रस असतो त्याच्या हाती ती यादी पडू नये.

होकार आल्यावर संकोच न बाळगता विचारावे की चित्रीकरण कुठे होणार, थेट प्रक्षेपण आहे की ध्वनिचित्रमुद्रण, वस्तूला कोण हात लावणार, आणि ही चित्रफीत पुढे समाजमाध्यमांवर तुकड्या-तुकड्यांनी जाणार का. मग या सगळ्याचा एक पानी कागद करून त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. त्यात वस्तूचे वर्णन, आधीपासून असलेल्या फाटक्या-डागाळलेल्या जागा, सोबत जोडलेली छायाचित्रे, वस्तू स्टुडिओत येण्याची आणि परत जाण्याची वेळ लिहावी. आणि एक वाक्य ठळक अक्षरांत असावे: वस्तूला चिकटपट्टी, डिंक, टाचणी, क्लिप किंवा दोरा लावला जाणार नाही. हे वाक्य मी दुसऱ्या वेळेपासून घालतो. वस्तू मोलाची असेल तर विम्याचे आधी पाहावे. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत संग्राह्य वस्तू धरल्या आहेत का, आणि घराबाहेर नेल्यावरही त्यांना संरक्षण राहते का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे.

आपल्याजवळ असलेल्या जुन्या छायाचित्राची प्रत आपली असली तरी त्यावरचा हक्क सहसा छायाचित्रकाराचा किंवा वृत्तपत्राचा असतो. प्रत विकत घेतल्याने हक्क विकत घेतला जात नाही. छायाचित्रकार हयात असतील तर त्यांची परवानगी घ्यावी आणि पडद्यावर त्यांचे नाव यावे असा आग्रह धरावा. गोव्यातल्या मैदानांच्या कडेला भर पावसात उभे राहून ज्यांनी हा इतिहास टिपला, त्यांची नावे फार कमी वेळा पडद्यावर आली आहेत.

दमट हवा, दिवे आणि हात

माझ्या पहिल्या वेळची गोष्ट इथे सांगतो. एका वाहिनीच्या स्टुडिओत मी एका स्थानिक फुटबॉल स्पर्धेची जुनी कार्यक्रमपत्रिका नेली होती. मुखपृष्ठाच्या उजव्या कोपऱ्यात एका खेळाडूची शाईची स्वाक्षरी होती. मला मेकअपसाठी आत बोलावले, तेवढ्यात तिथल्या मदतनिसाने पत्रिका सरळ उभी राहावी म्हणून तिच्या मागच्या-पुढच्या कडांना दुहेरी चिकटपट्टी लावून ती काचेच्या स्टँडवर बसवली. मुलाखत छान झाली. पत्रिका सोडवताना मात्र कागदाचा वरचा पापुद्रा करंगळीच्या नखाएवढ्या रुंदीने पट्टीबरोबर सोलून निघाला, आणि स्वाक्षरीच्या शेवटच्या अक्षराची खाली ओढलेली शेपटी पट्टीवर गेली. पट्टीवर ती उलटी दिसत होती, निळी आणि बारीक. मी ती पट्टी पॉलिएस्टरच्या पाकिटात घालून पत्रिकेसोबतच ठेवली आहे. मदतनिसाचा दोष मी मानत नाही; काय करू नये हे त्याला सांगायला मी तिथे नव्हतो. तेव्हापासून वस्तू स्टुडिओत असेपर्यंत माझ्याबरोबर घरचा एक माणूस येतो, आणि मी कॅमेऱ्यासमोर असलो तरी त्याची नजर वस्तूवरून हलत नाही.

कागद उभा दाखवायचा असेल तर पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात घालून, पाकिटाला आधार देणारा पुठ्ठ्याचा किंवा ॲक्रिलिकचा तिरका स्टँड आपणच घरून न्यावा. लॅमिनेशन कधीही करू नये, ते काढता येत नाही. चौकटीतली वस्तू असेल तर काचेवर दिव्यांची झळाळी येते. त्यासाठी स्टुडिओत चौकट उघडून देऊ नये, कॅमेऱ्याचा कोन बदलायला सांगावे. कागदाला स्वच्छ, कोरड्या हातांनी धरणे सर्वांत बरे, कारण सुती हातमोज्यांत बोटांना कड जाणवत नाही आणि पान फाटते. धातूच्या पदकांना मात्र घाम लागून डाग पडतात, म्हणून तिथे नायट्राइलचे हातमोजे वापरावेत. पदक पॉलिशने घासून चमकवू नये. प्रत्येक घासण्याबरोबर थोडा धातू जातो आणि कोरलेली अक्षरे बोथट होतात. जुन्या, लेसने बांधलेल्या चामडी फुटबॉलमध्ये हवा भरू नये, कारण शिवण उसवते. त्यात आम्लरहित मऊ कागद हलक्या हाताने भरून आकार द्यावा. स्वाक्षरी असलेल्या बॅटला तेल लावू नये.

दिव्यांचा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. संग्रहालये कागद आणि कापडासाठी सुमारे ५० लक्सचा (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) मंद प्रकाश ठेवतात. स्टुडिओतला प्रकाश त्याच्या कित्येक पट असतो, आणि शाईचा रंग उडण्याची क्रिया परत फिरवता येत नाही. दोन मिनिटांच्या चित्रीकरणाने नुकसान नगण्य होते. खरे नुकसान होते ते प्रकाशयोजना आणि फोकस ठरवण्यात जाणाऱ्या तासाभरात. त्यावर साधा उपाय म्हणजे वस्तूच्या मूळ आकाराची रंगीत झेरॉक्स सोबत न्यावी, तिच्यावर सगळी जुळवाजुळव करू द्यावी, आणि कॅमेरामनने तयार आहे म्हटल्यावरच मूळ वस्तू पेटीतून काढावी. जर्सीसाठी त्याच रंगाची कुठलीही साधी जर्सी चालते. मी हे सुचवले तेव्हा कॅमेरामनला ते पटले, एवढेच नव्हे तर त्याला मनासारखा वेळही मिळाला.

आपल्याकडच्या हवेचा एक धोका बाहेरच्या मार्गदर्शक पुस्तकांत फारसा ठळकपणे येत नाही. वातानुकूलित स्टुडिओत थंड झालेली वस्तू थेट जून-जुलैच्या दमट हवेत उघडली की तिच्यावर दव धरते, थंड बाटलीवर धरते तसेच. पदकाच्या खाचांत आणि काचेच्या आतल्या बाजूला हे पाणी दिसते. कागदात ते दिसतही नाही, फक्त दोन दिवसांनी कागद लाटेसारखा वळतो. म्हणून स्टुडिओतून निघताना पेटी बंद ठेवावी, घरी पोहोचल्यावरही तासभर तशीच राहू द्यावी आणि मगच उघडावी. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या असाव्यात. कायमच्या साठवणीसाठी हवेतली सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राखता आली तर उत्तम. ती ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला वाट मिळते, आणि गोव्याच्या पावसाळ्यात ती त्याहून कितीतरी वर असते. शक्य असेल तर चित्रीकरण दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत ठरवावे.

कॅमेऱ्यासमोर

मुलाखतीपूर्वी तीन वाक्ये तोंडात बसवावीत: ही वस्तू काय आहे, ती माझ्याकडे कशी आली, आणि तिच्याविषयी काय ठाऊक आहे. संपादनात आपले बोलणे कापले जाते, म्हणून प्रत्येक वाक्य स्वतंत्रपणे पूर्ण अर्थाचे असावे. 'मघाशी म्हटले तसे' यासारखे दुवे टाळावेत. प्रश्न कोंकणीत आला आणि आपल्याला मराठीत अधिक नेमके बोलता येत असेल तर तसे आधीच सांगावे, कुणाची हरकत नसते. कपड्यांविषयी एवढेच की बारीक चौकडीचा शर्ट पडद्यावर थरथरल्यासारखा दिसतो.

'एकमेव', 'पहिली', 'अस्सल' हे शब्द निवेदकाला हवे असतात. ते त्याच्या निवेदनातही येऊ नयेत, म्हणून मी माहितीचा कागद छापूनच देतो. स्वाक्षरीविषयी विचारले तेव्हा मी सांगितले की हे तिकीट २५ ऑक्टोबर १९८९ च्या सामन्याचे आहे, मागची स्वाक्षरी हाताने केलेली आहे, ती ॲलन बॉर्डर यांची असल्याचे माझे मामा सांगत, आणि तिची पडताळणी अजून व्हायची आहे. निर्मात्याला शेवटचे वाक्य कापावेसे वाटत होते. ते कापायचे असेल तर बॉर्डर यांचे नावही कापावे, असे मी म्हटले, आणि दोन्ही राहिले.

किमतीचा प्रश्न हमखास येतो. त्याला आकड्यात उत्तर देऊ नये. किंमत तज्ज्ञाने, लेखी आणि कारणांसह सांगायची असते. आपण सांगितलेली किंमत म्हणजे चोराला दिलेले आमंत्रण आणि नातेवाइकांत वादाचे बीज ठरते. अमेरिकेतल्या 'अँटिक्स रोडशो' या कार्यक्रमात २०१५ च्या सुरुवातीला बोस्टन रेड स्टॉकिंग्ज या बेसबॉल संघाची १८७० च्या दशकारंभीची छायाचित्रे आणि खेळाडूंच्या हस्ताक्षरांचे पत्र दाखवले गेले, आणि तज्ज्ञाने विम्यासाठी त्यांचे मूल्य १० लाख डॉलर सांगितले. त्या संघातले खेळाडू मालकिणीच्या पूर्वज स्त्रीच्या खाणावळवजा निवासात राहत असत, ही घराण्यात जपलेली हकिगत आणि प्रत्यक्ष पत्र यांचा मेळ बसल्यामुळे ते मूल्य सांगता आले. इतका मोठा आकडा उच्चारला गेला, पण मालकिणीचे नाव प्रसारित झाले नाही. आपल्या छोट्या राज्यात, जिथे चेहरा पाहिला की वाडा कळतो, ही काळजी अधिकच घ्यायला हवी.

म्हणूनच घरी चित्रीकरण करू देण्याच्या मी विरुद्ध आहे. कॅमेरा वस्तूबरोबर दरवाजा, कपाट, कुलूप, अंगणातली गाडी आणि तिचा क्रमांकही दाखवतो. क्लबचे सभागृह, शाळेचे ग्रंथालय किंवा स्टुडिओ बरा. सार्वजनिक ठिकाणी पहारा असला तरी बेफिकीर राहू नये. १९६६ च्या मार्चमध्ये लंडनला एका टपाल तिकिटांच्या प्रदर्शनात मांडलेला विश्वचषक फुटबॉलचा ज्युल्स रिमे करंडक पहारा असतानाही चोरीला गेला. आठवड्याभरात पिकल्स नावाच्या कुत्र्याने तो कुंपणाखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला शोधून काढला. तोच करंडक १९८३ मध्ये रिओतून पुन्हा चोरीला गेला, तो आजतागायत सापडलेला नाही.

प्रसारणानंतर

कार्यक्रमाची प्रत मागून घ्यावी, आणि वाहिनी, कार्यक्रमाचे नाव, तारीख व वेळ वहीत नोंदवावी, कारण आता हे प्रसारणही त्या वस्तूच्या इतिहासाचा भाग झाले. पडद्यावर चूक गेली असेल तर त्याच दिवशी लेखी कळवून दुरुस्ती मागावी. निदान चित्रफितीखालच्या मजकुरात तरी ती होते.

पुढचे आठ दिवस फोन येतात. विकत घेऊ म्हणणाऱ्याने आगाऊ रक्कम पाठवतो म्हणून क्यूआर कोड पाठवला तर तो स्कॅन करू नये. पैसे मिळण्यासाठी आपल्याला पिन टाकावा लागत नाही, पिन मागितला जातो तो पैसे जाण्यासाठी. परदेशातून मागणी आली आणि वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल, तर १९७२ च्या पुरावस्तूंविषयीच्या केंद्रीय कायद्यामुळे ती खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही, हे आधीच सांगून टाकावे.

मोलाचे फोन निराळे असतात, आणि त्यांच्यासाठी कागद-पेन हाताशी ठेवून बसावे. तिकिटाचा कार्यक्रम झाल्यावर तिसऱ्या दिवशी कुडचड्याहून एका वृद्ध गृहस्थांचा फोन आला. त्या दिवशी फातोर्ड्याच्या एका दारावर आपण तिकिटे फाडायला उभे होतो, असे ते म्हणाले. माझ्या तुकड्याचा डावा वरचा कोपरा तिरका फाटलेला आहे, आणि तो पाकिटात राहून झिजला असे मी इतकी वर्षे समजत होतो. त्यांनी सांगितले की त्यांच्या दारावर तिकिटे तशीच, अंगठ्याने दाबून तिरकी फाडत, कारण गर्दी इतकी होती की सरळ फाडायला वेळ नव्हता. मी त्यांना सामन्याची तारीख पक्की आठवते का, सोबत आणखी कोण होते, दार कोणत्या बाजूचे होते, हे विचारून सगळे लिहून घेतले. तिकिटाच्या पानावर तिसऱ्या भागात, मामाच्या ओळीखाली, फोनच्या तारखेसह ती नोंद आहे. त्यांच्याबरोबर दारावर उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाचा पत्ता त्यांनी दिला आहे, आणि येत्या रविवारी मी मडगावला त्या दुसऱ्या माणसाकडे जाणार आहे. तिकीट सोबत नेणार नाही, झेरॉक्स नेणार आहे.